कौलांवर पाटी नसते

दुपारी भांडी आवरून जरा आडवं व्हावं म्हटलं, तर गल्लीतल्या पोराचा मेसेज. "काकी, माझी शॉर्ट फिल्म आलीय. बघा आणि कशी वाटली सांगा. शेवटपर्यंत बघा हं." उशी भिंतीला टेकवली, चष्मा शोधला आणि बसले बघत.

बारा मिनिटांचा मामला. एक तरुण, त्याची सायकल, एक पत्र आणि आपलं बेळगाव. पत्रात काय होतं ते मला विचारू नका, माझं लक्षच तिकडे नव्हतं. सायकल खडेबाजारातून निघाली, एका बोळात वळली आणि बाहेर पडली ती थेट किल्ला तलावाच्या काठावर. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. तेच. मधला अख्खा बसस्टँड, तिथल्या रिक्षा, उसाच्या रसाचे गाडे, सगळं कुणी उचलून नेलं? तलावावर जरा उदास होऊन हा मुलगा पुन्हा पायडल मारतो तो राजहंसगडावर. कपाळावर घामाचा थेंब नाही. येळ्ळूरचा तो चढ सायकलनं चढलेल्या माणसाला गाठा आणि विचारा.

मुंबईच्या लोकांना याची सवय असणार. दादरला टॅक्सीत बसलेली हिरॉइन पुढच्या मिनिटाला मरीन ड्राइव्हवर, हे ते जन्मभर बघत आलेत. आम्हाला मुळात पडद्यावर आपलं गाव दिसण्याचीच सवय नाही. दिसलं एकदाचं, तर रस्ते तरी नीट जोडलेले असावेत की नाही?

संध्याकाळी ह्यांना दाखवली. ह्यांनी नायकाकडे बघितलंसुद्धा नाही. "ते मागं निळ्या शर्टात उभे आहेत ते आपले बँकेतले काका नव्हेत काय?" मग आम्ही दोघं निळा शर्ट शोधत बसलो. काका होते की नव्हते ते ठरलं नाही. पण जे कोण होते ते कॅमेऱ्याकडे असे टक लावून बघत होते, की अभिनय म्हणावा तर सगळ्या फिल्ममध्ये तेवढाच खरा.

हल्ली आमच्याकडची बरीच पोरं अशा फिल्म करतात. मोबाइल, तो हात स्थिर ठेवणारा दांडा, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोग्राफर मामाचा ड्रोन, झालं. मी मिळेल ती बघते. आणि त्यातल्या काही गोष्टी आता मला पाठ झाल्यात. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, येणार. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली; कॅमेरा छताच्या त्या दगडी कमळाकडे बघत गोल फिरणार. राजहंसगड येणार आणि गडावर महाराजांचा पुतळा असला म्हणजे शूटिंग २०२३ नंतरचं. (त्या पुतळ्याचं अनावरण त्या मार्चमध्ये चार दिवसांच्या आत दोनदा झालं, एकदा या पक्षाकडून, एकदा त्या. जाऊ दे.) आणि कुंदा येणार, आमची दुधाची मिठाई. मित्र मित्राला कुंदा भरवणार. आता मला सांगा, बेळगावात कोण स्वतःसाठी कुंदा विकत घेतं? तो पुण्याच्या नणंदेला न्यायचा असतो. घरात उरतो तो डब्याच्या कोपऱ्याला चिकटलेला, आणि तो चमच्यानं खरवडण्यावरून भांडणं होतात. ते भांडण कुणी शूट करत नाही.

पण या सगळ्यात जास्त असतो तो वरून घेतलेला शॉट. पावसाळ्यातला, ढग खाली आलेले, शेवाळलेली कौलं, मधे नारळ, कुठे तरी कपिलेश्वराचं शिखर. सुंदर दिसतं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. तरी मला प्रश्न पडायचा, की ही पोरं सारखी आभाळातूनच गाव का बघतात? गाव तर खाली आहे.

त्या पोरालाच विचारलं. दूध आणायला निघाला होता, पिशवी हलवत म्हणाला, "काकी, कौलांवर पाटी नसती."

खरंच की. खाली उतरलं की दुकान आलं, दुकान आलं की पाटी आली. पाटीवर मराठी वर की कन्नड, कुठली खाली, कुठली केवढी, यावरून आमच्याकडे मोर्चे निघालेत, पाट्यांना काळं फासलं गेलंय. जुना फोटो हातात आला तर मी पाटीवरून साल सांगू शकते. नुसती मराठी असेल तर फार जुना. गावाचं नाव बेळगावी असेल तर २०१४ च्या १ नोव्हेंबरनंतरचा. कन्नड अक्षरांनी बहुतेक जागा व्यापली असेल तर आत्ताचा, पाटीवर साठ टक्के कन्नड हवं या २०२४ च्या कायद्यानंतरचा. दुकानदार बिचारा सांगतील तसं रंगवून घेतो आणि गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो. पोराचं म्हणणं असं, की पाटी फ्रेममध्ये आली की लोक फिल्म सोडून पाटीवर भांडतात. या बाजूचे म्हणतात मुद्दाम दाखवली, त्या बाजूचे म्हणतात मुद्दाम कापली. म्हणून एक तर ड्रोन वर सोडायचा, नाही तर सायकलच्या चाकाजवळ जाऊन बसायचं. मधलं गाव गाळायचं. बसस्टँड का नव्हता ते मला तेव्हा कळलं.

आमच्या लहानपणी हे असलं काही गाळायची सोय नव्हती, कारण कॅमेराच नव्हता. चित्ररथ होता. बाकीच्यांची शिवजयंती फेब्रुवारीत होऊन जाते. आमची अजून तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि मग एका रात्री पहाटेपर्यंत चित्ररथांची मिरवणूक. नरगुंदकर भावे चौकातून सुटायची. एकेका गल्लीचं मंडळ एकेक प्रसंग ट्रॉलीवर उभा करायचं. माझं माहेर शहापूरचं. आमच्या मंडळानं एका वर्षी प्रतापगड केला होता, बांबू आणि गोणपाटाचा. अफझलखान कापडदुकानातला नोकर. अंगानं भरलेला होता म्हणून त्याला घेतला, बोलायला सांगितलं असतं तर घाम फुटला असता. बोलायचं नव्हतंच. संवाद आधी कॅसेटवर भरलेले, ट्रॉलीवर नुसते ओठ हलवायचे.

ती कॅसेट आमच्या माडीवर भरली होती. खिडक्यांना वाकळा लावल्या, पोरांना हाकललं, तरी शेजारच्या घरातला माग काही थांबेना. साडीची ऑर्डर होती, तो का थांबवेल? त्यामुळे त्या वर्षी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट होते, शामियान्यात दोघं पुढे येतात, आणि मागे सतत खटक-खटक, खटक-खटक. कुणाला काही वाटलं नाही. शहापूरच्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. निवेदन आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांचं. घरी बायकोशी, मुलांशी, गाईशी कन्नड बोलणारे, शाळेतही कन्नडच शिकवणारे. पण आवाज असा, की 'राजे' म्हणाले की माझ्या आजीच्या डोळ्यात पाणी यायचं. मराठीत त्यांचे 'ळ' आणि 'ल' जरा इकडेतिकडे व्हायचे, तेवढं चालायचं.

जिजाऊ म्हणजे दहावीतला एक मुलगा, माझ्या आईच्या जांभळ्या इरकलीत. आईनं साडी देताना दहा वेळा बजावलं होतं. त्या रात्री खान प्रत्येक चौकात मरत होता आणि मिरवणूक पुढे सरकली की उठून लिंबू सरबत पीत होता. जनरेटर मधेच दम टाकायचा, मग कॅसेट ओढल्यासारखी चालायची आणि महाराजांचा आवाज खानाहून जाड यायचा. लोक टाळ्या वाजवायचे. आणि मग यायचा तसा वळीव आला. प्रतापगडाचा रंग ओघळून जिजाऊंच्या पदरावर. ती साडी आईनं कधी टाकली नाही, कधी नेसलीही नाही. कपाटात मी ती बघितलीय, पदरावर सह्याद्रीचा हिरवा डाग.

त्या ट्रॉलीपासून कॅमेरा काही फार लांब नव्हता, असं मला उगाच वाटतं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदेच रंगवत होते की. पडदे रंगवता रंगवता त्यांनी कॅमेराही स्वतः जुळवला आणि सिनेमाची कंपनी काढली. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर. त्यामुळे आम्ही मराठी सिनेमात जन्मभर पन्हाळा बघितला, रंकाळा बघितला, इतका की लग्नानंतर पहिल्यांदा रंकाळ्यावर गेले तर कुठल्या बाकावर बसायचं ते आधीच माहीत होतं. आमचा किल्ला तलाव मात्र आत्ता कुठे पडद्यावर येतोय, तोही सायकलवाल्याला पत्र वाचायला बसण्यापुरता.

एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती परवा विचारली. "अरे, बारा मिनिटांत कुणीच काही बोलत नाही. बघणाऱ्याला वाटेल बेळगावची माणसं मुकी आहेत." हसला. म्हणाला, "मराठीत ठेवलं तर कॉलेजातली अर्धी दोस्तमंडळी रुसणार, कन्नडात ठेवलं तर घरी आई रुसणार. म्युझिक बरं." मी म्हटलं, "आणि दोन्ही ठेवलं तर?" तो जरा वेळ गप्प राहिला. आमच्या गल्लीत दिवसभर दोन्हीच चाललेलं असतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

काल पुन्हा आला. पुढच्या फिल्ममध्ये बोलणं आहे म्हणाला. एक आजी आहे. ती नातवावर एका भाषेत ओरडायला सुरू करते आणि दुसऱ्या भाषेत संपवते. "काकी, अशी कोण हाय काय बघा की."

बघायचं काय त्यात? खासबागला माझी मावशी आहे. भाजीवालीला कन्नडात "एष्टु?", म्हणजे केवढ्याला, विचारते, महाग म्हणून मराठीत करवादते आणि सुटे नसले की दोघी मिळून हिंदीत तिसऱ्याला हाक मारतात. तिला फोन केला. आधी म्हणाली, मी काय नटी हाय काय. मग म्हणाली, साडी कुठली नेसू. मग, पैसे देतो काय तो? नाही म्हटल्यावर थोडी थांबली.

"बरं, येतो म्हणून सांग त्याला. पण मंगळवार सोडून. मंगळवारी नळाला पाणी येतंय."