तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नुसतं सेव्ह अ‍ॅज’ला इतके दिवस कामून?

कारखान्यांची कॅड मॉडेलं, म्हणजे कॉम्प्युटरवरची थ्रीडी डिझाइनं, वेबसाइटवर फिरतील अशी करून देणं हे माझं काम. वाळूज, शेंद्रा, जालना, कुठल्याही कारखान्यातून फोन येवो, प्रश्न एकच. “मॉडेल तर तयारच आहे. वेबसाइटवर बोटानं फिरवून बघता आलं पाहिजे, बस. नुसतं सेव्ह अ‍ॅज करायचं, त्याला इतके दिवस कामून?” एकदाच नीट सांगतो.

सेव्ह अ‍ॅज मिनिटाभरात होतं, नाही कोण म्हणतंय. स्टेप फाइल (कॅड मॉडेल देण्याघेण्याची फाइल) फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, जीएलबी (वेबवर चालणारी थ्रीडी फाइल) बाहेर काढा, पैसे लागत नाहीत. फक्त जे बाहेर पडतं ते गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चालत नाही.

स्टेपमध्ये पाइप म्हणजे एक अक्ष आणि एक त्रिज्या. ब्राउझरला मात्र फक्त त्रिकोण कळतात. त्यामुळे गोलाईत किती चूक चालेल, हे कुणीतरी ठरवावं लागतं. १०० मिमी व्यासाच्या पाइपला ०.१ मिमी चूक चालवली तर ५० बाजू पडतात. ०.०१ म्हणालात तर १५८. स्क्रीनवर दोन्ही सारखेच गोल. टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, म्हटलं की आपल्याकडे हात आपोआप ०.०१ कडे जातो, पण इथं कुणाला लेथवर टर्निंग करायचं नाहीये. उलट ०.१ धरून सगळंच सोडून दिलं, तर १ मिमी त्रिज्येच्या भोकाला जेमतेम सात बाजू मिळतात. म्हणून शेजारच्या दोन बाजूंत किती अंशांचं वळण चालेल, ही कोनाची मर्यादाही द्यावी लागते, आणि ती कडक दिली की पत्र्याच्या प्रत्येक बेंडवरचे बारीक फिलेट, म्हणजे गोलावलेल्या कडाच निम्मी फाइल खातात.

आता रोटाव्हेटर. एका अवजार कारखान्याची पाच फुटी रोटाव्हेटरची असेंब्ली होती. ३६ ब्लेड, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे ७२. डिझाइन करणाऱ्यानं बोल्टवर आटे खरेखुरे पाडलेले. एम १४, पिच २ मिमी, आट्याची लांबी ३० मिमी, म्हणजे १५ वेढे. एका वेढ्याला २४ तुकडे धरले आणि माथा, तळ, दोन उतार असे चार पट्टे धरले, तर प्रत्येक चौकोनाचे दोन याप्रमाणे वेढ्याला १९२ त्रिकोण होतात. एका बोल्टचे २,८८०, बहात्तरांचे २,०७,३६०. नटातले आतले आटे वेगळेच. आणि हे सगळं कुठं? नटाखाली झाकलेलं. त्यात गिअरबॉक्स बंद, पण आत बेव्हल गिअर, बेअरिंगमधल्या गोळ्या, ऑइल सील, सगळं जागच्या जागी.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हे झकास फिरलं. मालक खूश. साध्या अँड्रॉइडवर पान आधी अडखळलं, मग आपोआप रीलोड झालं, मग पुन्हा तेच. कारखान्याचं म्हणणं, “एमबी जास्त आहेत, कॉम्प्रेस करा.” ड्रॅको हे थ्रीडी फाइल दाबून लहान करणारं तंत्र लावलं. फाइल चांगलीच लहान झाली, झटकन उतरली आणि पान तस्संच बसलं. जिनिंगमध्ये गाठ दाबली म्हणून कापूस कमी होत नाही. ड्रॅको वाटेतला आकार कमी करतं. फोनवर पोचल्यावर सगळे त्रिकोण उलगडून मेमरीत येतातच.

मग कुणीतरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डेसिमेट, म्हणजे त्रिकोण आपोआप कमी करणारी कमांड मारली. त्रिकोण घटले, पण हूडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या सपाट पत्र्यावर पोचे आल्यासारखी सावली पडायला लागली. कॅडमधून आलेले त्रिकोण लांबुळके, सुईसारखे असतात. ते हवे तसे जोडले की नॉर्मल, म्हणजे पृष्ठभाग कुठं तोंड करून आहे त्या दिशा, बिघडतात आणि उजेड चुकीचा पडतो. “आमच्या मालाला डेंट दाखवायलाव का?” असा फोन आला, आणि तो रास्त होता. जड मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, खरवडत बसायचं नसतं. स्टेपकडे परत जायचं, नको ते काढायचं आणि सैल टॉलरन्सनं नव्यानं मेश पाडायची. आटे काढले की बोल्ट शंभर त्रिकोणांच्या आत बसतो. तो एकदाच साठवायचा आणि ७२ जागा सांगायच्या. गिअर तर काढायचेच. वेबवरची फाइल कुणालाही ब्राउझरमधून उतरवून घेता येते आणि दात मोजता येतात. हे सांगितल्यावर मात्र मालक लगेच तयार झाले.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण आठवणीनं करायच्या. जीएलटीएफ (जीएलबी याच प्रकारची फाइल) मीटरमध्ये चालतं आणि त्यात वाय अक्ष वर असतो. मिमीचे आकडे तसेच गेले तर दीड मीटरचं यंत्र दीड किलोमीटरचं होतं, आणि झेड वर ठेवलं तर तोंडावर पडतं. रंग हवेत तर एपी २१४ किंवा २४२ या स्टेपच्या प्रकारांत फाइल द्या. जुन्या एपी २०३ मध्ये रंग येत नाहीत. पावडर कोटिंग केलेल्या भागाला मेटॅलिक, म्हणजे पृष्ठभाग किती धातूसारखा दिसावा तो आकडा, शून्य ठेवा. आत लोखंड आहे म्हणून एक दिलंत तर पिवळाधमक हूड काळपट दिसतो. आणि टूडी डीडब्ल्यूजी, म्हणजे सपाट ड्रॉइंगची फाइल, पाठवून “थ्रीडी करा” म्हणत असाल, तर ते रूपांतर नाही, नव्यानं मॉडेलिंग आहे. त्याचे पैसे वेगळे.

एका बाबतीत माझंच माझ्याशी जमत नाही. एका रंगाचे सगळे भाग एकत्र जोडून टाका, ड्रॉ कॉल (फोनला चित्र काढायला द्यावे लागणारे हुकूम) कमी होतात, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. तांत्रिकदृष्ट्या आजही तेच बरोबर आहे. पण आता स्पेअर पार्टची यादी मॉडेलवरच हवी असते. ब्लेडवर बोट ठेवलं की पार्ट नंबर आला पाहिजे. जोडलेल्या मेशमध्ये ब्लेड वेगळं उरतच नाही. सुटं ठेवलं तर स्वस्त फोन रडतो.

‘आतलं काढा’ हाही नियम सगळीकडे लागत नाही. पेरणी यंत्राच्या पेटीत खोबणीचा रोलर असतो, बी तोच मोजून सोडतो. बाहेरून दिसत नाही, पण शेतकरी झाकण उघडून आधी तोच बघतो. तो ठेवायचा की काढायचा, आणि ठेवला तर खोबण्या किती बारकाईनं दाखवायच्या, हे मी परस्पर ठरवू शकत नाही. ते तुम्हाला विचारावं लागतं, आणि दिवस जातात ते तुमच्या उत्तराची वाट बघण्यात.