सात मिनिटांचा मासा

"शनिवारी घरीच ये, मी करतो जेवायला," असं मी बोलून गेलो. बोलून गेलो हेच खरं. विचार करून बोललो असतो, तर आधी मला काय काय येतं याचा हिशेब केला असता. त्याआधी आम्ही तीनदा भेटलो होतो, तिन्ही वेळा बाहेरच. ती म्हणाली, "अरे वा, काय करणार?" आणि माझ्या तोंडून "सॅमन" निघालं. सॅमन का, ते मलाही सांगता येणार नाही. तो सोपा असतो असं कुठेतरी वाचलं होतं, बहुतेक तेच आठवलं असावं.

सोपा असतो, त्यात खोटं काही नाही. पण त्या सोपेपणात नेमकं काय करायचं नसतं हे कळायला मला दोन तुकडे खर्ची घालावे लागले.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी शहाण्यासारखी केली. तिला मेसेज करून विचारलं, कशाची ॲलर्जी वगैरे नाही ना? उत्तर आलं, "कोळंबी, खेकडा अजिबात नाही. मासा मस्त चालतो." कोळंबी-खेकड्याची आणि माशाची, या दोन ॲलर्जी वेगळ्या असतात, त्यांना कारणीभूत होणारी प्रथिनंच वेगळी, त्यामुळे एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही. पण मासेविक्रेत्याच्या फळीवर एकच सुरी सगळ्यांवर फिरते. म्हणून सुटा मासा न घेता मी गोठवलेल्या फिलेटची बंद पाकिटं आणली, तीही मागचा बारीक मजकूर दोनदा वाचून. कातडीसकट, खवले काढलेले, प्रत्येक तुकडा साधारण 170 ग्रॅमचा. एकूण चार आणले. दोन शनिवारचे, दोन माझ्या शिक्षणाचे.

पहिली तालीम मंगळवारी झाली आणि ती दारुण होती. घरी आल्यावर भूक लागली होती, मासा फ्रीजमधून काढला, मीठ-मिरी भुरभुरवली आणि धूर येईपर्यंत तापलेल्या पॅनमध्ये टाकला. तो चिकटला. चिकटला म्हणून मी उलथन्याने खरवडला. खरवडला म्हणून कातडी पॅनला आणि मासा उलथन्याला, अशी वाटणी झाली. मग आत कच्चा तर राहिला नाही ना या भीतीने दोन्ही बाजू आलटून पालटून भाजत बसलो. थोड्या वेळाने तुकड्याच्या फटींतून पांढरा, फाटलेल्या दुधासारखा चोथा बाहेर यायला लागला. मला वाटलं मासा खराब निघाला. खाल्ला, तर पुठ्ठा.

त्या रात्री वाचत बसलो. तो पांढरा चोथा म्हणजे अल्ब्युमिन, माशातलंच प्रथिन. उष्णतेने स्नायूंचे धागे आवळले की ते पिळून बाहेर येतं आणि बाहेर आल्यावर गोठतं. खायला काही अपाय नाही, पण ते भरपूर दिसलं म्हणजे आच जास्त झाली, अशी माशानेच केलेली तक्रार समजायची. मासा खराब नव्हता, स्वयंपाकी होता. उपायही साधा आहे: अर्ध्या लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि तुकडे त्यात 10 मिनिटं बुडवून ठेवायचे. वरचा थर मिठाने थोडा सैलावतो आणि चोथा कमी येतो. वर मासा आतपर्यंत अळणी लागत नाही, हा फायदा वेगळाच.

चिकटण्याचं कारण त्याहून साधं होतं. ओली कातडी. पाणी आहे तोवर पॅनची सगळी उष्णता त्याची वाफ करण्यातच जाते, कातडी भाजली जात नाही, नुसती उकडते आणि धरून बसते. कोरडी कातडी आधी थोडी चिकटते खरी, पण कुरकुरीत झाली की आपोआप सुटते. म्हणजे सुटत नसेल तर खरवडायचं नाही, थांबायचं. मला थांबणं जमत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती पॅनपुरती नाही.

पाकिटाबद्दलही तेव्हाच कळलं. हवाबंद पाकिटातला मासा फ्रीजमध्ये वितळवायचा असेल तर आधी पाकीट फोडायचं किंवा मासा बाहेर काढून झाकलेल्या ताटलीत ठेवायचा. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जीवाणूंचे काही प्रकार फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात आणि त्यांना हवा नसलेली जागाच मानवते. ही सूचना पाकिटावर छापलेली होती. मी ॲलर्जीचा मजकूर दोनदा वाचला आणि त्याच्या खालची ओळ एकदाही नाही.

गुरुवारी दुसरी तालीम. मिठाचं पाणी झालं, मासा किचन टॉवेलने टिपला, मग कातडी वर करून अर्धा तास फ्रीजमध्ये उघडाच ठेवला. पॅन मध्यम आचेवर, एक चमचा तेल. लोणी नाही, कारण लोण्यातला दुधाचा अंश तेवढ्या वेळात जळून कडू होतो. मासा कातडी खाली करून ठेवला आणि पहिल्यांदाच तो आवाज आला, अखंड, एका पट्टीतला. पण मी आनंदाने बघत राहिलो तेवढ्यात तुकडा कमानीसारखा वाकला. कातडी आक्रसते तेव्हा पहिले 10-15 सेकंद उलथन्याने वरून हलकं दाबून धरावं लागतं, ते राहिलं. कडा कुरकुरीत झाल्या, मधला भाग मऊच. तरी चव? मी ओट्याशी उभ्यानेच सगळा संपवला.

या वेळी थर्मामीटर लावला होता. मधोमध 50 अंश सेल्सिअस झाल्यावर उतरवला, ताटलीत दोन-तीन अंश आणखी चढला आणि आत मऊसूत, ओलसर राहिला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या सरकारी अन्नसुरक्षा शिफारशीत माशासाठी 63 अंश सांगितले आहेत आणि गर्भवती, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी जेवायला असेल तर तोच आकडा पाळावा. नीट गोठवल्याने परजीवी मरतात, जीवाणू मरत नाहीत. 50 ते 55 ही चवीने केलेली निवड आहे, आणि ती समोरच्याला न विचारता करू नये. मी विचारायचं ठरवलं आणि मनावरचं एक ओझं कमी झालं.

बाकीचा बेत मी मुद्दाम फिका ठेवला. छोटे बटाटे अर्धे करून ओव्हनमध्ये, फरसबी, लिंबू-लोण्याचा सॉस. गोडाला विकतचं आइस्क्रीम. घरी केक करण्याचा विचार एकदा डोकावला होता. एका संध्याकाळी दोन नव्या गोष्टी करायच्या नाहीत, असं त्याला सांगून परत पाठवला.

शनिवारी सकाळी पाकिटं फोडून तुकडे ताटलीत, वर झाकण, फ्रीजमध्ये. संध्याकाळी मिठाचं पाणी, टिपणं, परत फ्रीज. त्याआधी बोट तुकड्यावरून उलटं फिरवून पाहिलं. काटे काढलेत असं लिहिलेलं असूनही दोन सापडले. चिमट्याने काटा ज्या दिशेला कललेला असेल त्याच दिशेला ओढायचा, सरळ वर उपटला तर मांस फाटतं. फरसबी चार मिनिटं खळखळत्या मिठाच्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे हिरवी राहते. बटाटे तेल-मीठ चोळून 200 अंशांवर, पाऊण तास आधी. स्वयंपाक करताना घालायचा शर्ट वेगळा आणि दार उघडताना घालायचा वेगळा, हेही योजनेत होतं. खिडकी उघडी ठेवली. माशाचा जो वास घरात रेंगाळतो तो बहुतांशी ट्रायमिथाइलअमाइनचा. मासा जुना होत जातो तसा तो वाढतो आणि लिंबाच्या आम्लाने दबतो. माझे तुकडे वासाला स्वच्छ होते, तरी मी लिंबू कापून पॅनजवळ मांडून ठेवलं. त्याचा तसा काही उपयोग नसतो. मला बरं वाटत होतं, इतकंच.

आठची वेळ होती. पावणेआठला मेसेज: "वीस मिनिटं उशीर, सॉरी." सव्वाआठला आणखी एक: "अजून वीस." बटाटे तोवर तयार होते. ओव्हन 90 वर आणला, तरी ते हळूहळू सुरकुतत गेले. मी काचेतून त्यांच्याकडे बघत होतो आणि तेही माझ्याकडे बघत असावेत. पण मासा फ्रीजमध्ये निवांत होता, कच्चा. घरी बोलावलेल्या माणसासाठी सॅमन का निवडावा याचं उत्तर मला त्या चाळीस मिनिटांत मिळालं. रस्सा, भात, भाजलेलं काहीही, सगळं माणसाची वाट बघता बघता बिघडतं. हा मात्र माणूस आल्यावर सुरू होतो आणि सात मिनिटांत ताटात येतो.

ती आली. तिला बाहेर बसवून आपण आत एकट्यानेच किमया करायची, असं माझ्या डोक्यात होतं. ती सरळ स्वयंपाकघरात आली, बाही वर केली आणि म्हणाली, "मी काय करू?" पंचाईत झाली. सगळंच करून ठेवलेलं. शेवटी मी ते कापलेलं लिंबू पुढे केलं, रस काढ म्हणून. तिने ते बघितलं. "अरे, आधी साल किसून घ्यायची ना, मग कापायचं. कापलेल्याची साल किसताना बोटं जातात." दुसरं लिंबू घेऊन तिने फक्त पिवळा भाग किसला, पांढऱ्याला हात न लावता. हे मला कुठल्याच पाककृतीने सांगितलं नव्हतं.

मासा पॅनमध्ये गेला. कातडी खाली. पंधरा सेकंद दाबून धरला, मग हात मागे बांधून उभा राहिलो.

"हलवायचा नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"पाच-सहा मिनिटं अजिबात."

या पाच-सहा मिनिटांत बघण्यासारखं एकच असतं. तुकड्याच्या बाजूने एक फिकट रेघ खालून वर चढत जाते. खाली अपारदर्शक गुलाबी, वर अजून चमकदार केशरी. रेघ पाऊण उंचीवर आली की उलटायचा. आम्ही दोघं खाली वाकून ती रेघ बघत होतो. "हा इतका केशरी कशामुळे असतो?" तिने विचारलं.

मी उत्तर दिलं. गरजेपेक्षा जास्त दिलं. त्या रंगद्रव्याचं नाव ॲस्टाझँथिन, सॅमन ते स्वतः तयार करत नाही, खाण्यातून मिळवतो. समुद्रातल्याला ते कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जिवांतून मिळतं, पाळलेल्याला खाद्यातून देतात, नाहीतर मांस फिकट करडं दिसेल, असं सगळं सांगत असताना मी मध्येच थांबलो. कोळंबीच्या जातकुळीतल्या. माझा चेहरा उतरलेला असणार, कारण ती हसायला लागली. "सॅमन मी नेहमी खाते रे, डॉक्टरांना विचारूनच. मला त्रास कोळंबीतल्या प्रथिनाचा आहे, रंगाचा नाही."

या गडबडीत सॉस उकळला. लिंबाचा रस कोमट करून, आच बंद करून त्यात गार लोण्याचे खडे एकेक फेटायचे असतात. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश, बाकी मुख्यतः पाणी, आणि ही जोडी उकळीला टिकत नाही. आच बंद करायची राहून गेली होती. भांड्यात खाली आंबट पाणी, वर पिवळं तूप. मी ते सिंककडे नेत होतो. तिने भांडं माझ्या हातातून घेतलं, चमचाभर गार पाणी घातलं आणि जोरात फेटलं. अगदी पहिल्यासारखा नाही, पण बऱ्यापैकी जुळला. वर तिने किसलेली साल.

मासा उलटला तेव्हा कातडी एकसंध, सोनेरी, काचेसारखी निघाली. दुसऱ्या बाजूला एक मिनिट. "तुला आत किती शिजलेला आवडतो?" मी विचारलं. तिला पूर्ण शिजलेला हवा होता. माझा 50 ला उतरवला, तिचा आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून 63 ला. आठवडाभर ज्या आकड्यासाठी जिवाचा आटापिटा केला तो तिला नकोच होता. थोडा पांढरा चोथा आलाच. तिने विचारलं नाही आणि मीही, एका उत्तराने शहाणा झाल्यामुळे, सांगितलं नाही.

ताटं वाढली. सुरकुतलेले बटाटे सॉसमध्ये चांगले लागले. फरसबी हिरवी होती, एवढंच तिच्याबद्दल म्हणता येईल. आणि मासा काट्याने नुसता टेकवला तरी पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होता, तिचासुद्धा. माझ्या ताटातली कातडी पापडासारखी मोडली. आवाज आला. मी वर बघितलं, तिचाही तसाच आवाज येईल म्हणून.

तिने काट्याच्या टोकाने कातडी अलगद सोडवली, अख्खी, कुठेही न फाटता, आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली.

"कातडी मला नाही आवडत," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "का रे, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी घेऊ?"

तिने ताट माझ्याकडे सरकवलं.