काढाच की!

आज आईला कॅनडातल्या क्वेबेक सिटीत सेंट चार्ल्स नदीकाठी फिरवलं. १५३५-३६च्या हिवाळ्यात फ्रेंच खलाशी कार्तिएची जहाजं इथेच बर्फात अडकली होती. स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले, ११०पैकी २५ माणसं गेली. तेव्हा शेजारच्या स्टॅडकोना या मूळ रहिवाशांच्या गावातल्या डोमागायाने ‘अनेड्डा’ झाडाची पानं-साल उकळून प्यायला आणि चोथा पायांना बांधायला सांगितलं. फांद्या आणायला दोन बायकाही धाडल्या.

आई म्हणाली, "अरे, म्हणजे काढाच की!"

आठवड्याभरात खलाशांनी अख्खं झाड फस्त केलं आणि बरे झाले. आणि मे महिन्यात कार्तिएने डोमागायालाच, वडील डोनाकोनासकट, पकडून फ्रान्सला नेलं. दोघंही परतले नाहीत.

हे ऐकल्यावर थर्मासमधला चहा आईने तसाच ठेवला.