खोक्यांपासून लेपापर्यंत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा खोक्यांचा. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं भरायला लागणारे पुठ्ठ्याचे बॉक्स. जानेवारी ते एप्रिल मान वर करायला फुरसत नाही, आणि मग गोडाऊनमध्ये माश्या मारत बसायचं. त्याच गिऱ्हाइकांपैकी काहींनी बाग काढून पेरू लावला आणि त्यांचं गाऱ्हाणं कानावर यायला लागलं: माल पोहोचेपर्यंत पिवळा, चार दिवसांत मऊ. बॉक्स कितीही भारी दिला तरी त्यावर इलाज नव्हता. फळांच्या सालीवर द्यायच्या खाण्याजोग्या लेपाकडे आम्ही वळलो ते यातून, लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी.

द्राक्षाला याची गरज नाही. मण्यावर मेणाचा पांढुरका थर निसर्गानेच दिलाय. तो पुसला गेला की व्यापारी भाव पाडतो. पेरू, पपई, आंबा मात्र तोडल्यावरही श्वास घेत राहतात, पिकत राहतात, पाणी सोडतात. सालीवर पातळ लेप असला की प्राणवायू कमी आत जातो, पिकणं मंदावतं, वजनातली घटही कमी होते. पण लेप जाड बसला तर फळ आतून गुदमरतं, आंबतं, आणि कापल्यावर दारूसारखा वास येतो. त्यामुळे सगळा खेळ पातळपणाचा आणि वाळवण्याचा. लेपातून काढलेला पेरू जाळीवर ब्लोअरखाली सुकतो. अंगठा फिरवल्यावर जराही चिकट लागला तर तो फोमच्या जाळीत जात नाही. पावसाळ्यात हे काम इतकं रेंगाळतं की वीजबिल उघडायला मी बायकोला सांगतो.

लेप कशाचा, यावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली. जाणकार कायटोसानचं कौतुक करतात, कारण ते बुरशीलाही आवरतं. पण ते बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. घरी हे बोललो तर आई म्हणाली, "उपासाच्या फळाला कोळंबी फासणार का रे तू?" विषय तिथेच संपला. लाखेलाही परवानगी आहे, पण तीही कीटकाचीच. शेवटी ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण घेतलं. महाग पडतं, पण एकादशीला कोणी बोट दाखवत नाही.

मेण लावलेल्या ताज्या फळावर तसं लिहून मेणाचं नावही द्यावं लागतं, हा नियमच आहे. एका मोठ्या खरेदीदाराचं म्हणणं, "भाऊ, तेवढं स्टिकर काढा, लोक बिचकतात." काढलं नाही. त्यांची ऑर्डर गेली, ती आजतागायत परत आलेली नाही.

शेतकऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगतो की लेप म्हणजे औषध नव्हे. आंब्याला करपा, म्हणजे बुरशीचा रोग, बागेतच लागला असेल तर तो लेपाखालीही वाढतो. त्यासाठी आधी 52 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात काही मिनिटं फळं बुडवावी लागतात. लेप दिला म्हणून आंबा वाटेल तेवढ्या गारठ्यातही ठेवता येत नाही. 12-13 अंशांच्या बराच खाली गेला की साल काळवंडते. झाडावरच पिवळा झालेला पेरू आणून "तेवढा लावून द्या ना" म्हणणारे अजून भेटतात. त्यांना चहा पाजतो, माल परत पाठवतो.

सध्या छळतंय ते सीताफळ. डोळ्यांच्या खाचांत लेप साचतो, लवकर वाळत नाही, आणि पिकताना तेच डोळे उकलतात. बुडवण्याऐवजी फवारून बघतोय. जमेपर्यंत सीताफळाची ऑर्डर घेत नाही.