पेटक्याचं मूळ सापडलं! (आणि फिन्स विकायच्या नाहीत)

रविवारी १५०० मीटर. जेट फिन्स (पायात घालायच्या जड रबरी फिन्स), पूर्ण सीएसएस (कॉम्बॅट साइडस्ट्रोक, म्हणजे कमांडोंचं कुशीवरचं पोहणं), मध्ये एकदाही भिंत धरली नाही. ३६ मिनिटं. वेळ काही कौतुकाची नाही, पण ह्याच फिन्स घालून गेल्या महिन्यात मी ६०० ला कडेला लटकून तळवा चोळत बसलो होतो, हे तुम्हाला आठवत असेल. मागचे तीन अपडेट त्या रडगाण्यातच गेले.

ध्येय तेच: सॅन दिएगोजवळच्या कोरोनाडोत अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंचं प्रशिक्षण चालतं, त्याच्या पहिल्या टप्प्यातली २ मैलांची फिन्स परीक्षा, ९५ मिनिटांत, आपल्या मालवणच्या चिवला किनाऱ्याच्या पाण्यात.

तर पेटका. पोटरीत गोळा आला असता तर समजलं असतं. माझा यायचा तळव्याच्या खळग्यात, तोही फक्त उजव्या. केळी खाल्ली, मीठ-पाणी प्यायलो, घोटे सैल व्हावेत म्हणून रोज दहा मिनिटं वज्रासनात बसलो. (घोटे खरंच सुधारले, ते सोडणार नाही.) तुमच्यापैकी निम्म्यांचं म्हणणं पडलं की ब्लेड कडक आहे, मऊ घे. मलाही पटत होतं. फ्रीडायव्हिंगच्या लांब फिन्स एका मित्राकडून आणून पाहिल्या, तर कुशीवर पोहताना वरच्या पायाचं पातं दर दुसऱ्या किकला पाण्याबाहेर येऊन फटाफट आपटायचं. लाइफगार्ड हसायचा. सीएसएसला आखूड, रुंद, जड पातंच बरं, हे माझं मत आता पक्कं झालंय. साठच्या दशकातलं ते भोकांचं रबरी डिझाइन अजून टिकून आहे, ते उगाच नाही.

उलगडा झाला तो मोज्यामुळे. दोरीवर वाळत घालताना पाहिलं, उजव्या निओप्रीन मोज्याचा अंगठा खालच्या बाजूने झिजून पार पारदर्शक झालेला. डावा जवळजवळ नवा. फिनच्या आत बोट घासतंय म्हणजे बोट हलतंय. दुसऱ्या दिवशी तलावावरच्या काकांना दाखवला. ते नौदलातून निवृत्त झालेले, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये तयार झालेले. त्यांनी मला फिन घालून कठड्यावर बसवलं, पातं हातात धरून हलवलं आणि म्हणाले, "फिन पोहायला घेतलीस की बोटांनी धरायला?"

पावसात सैल स्लीपर घालून चिखलातून चाललात की बोटं आपोआप आवळली जातात ना, तेच. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा जरा लहान. फूट पॉकेट (फिनमध्ये पाय घालायची जागा) सैल, म्हणून प्रत्येक किकला बोटं फिनला धरून ठेवत होती. हजारभर किक अशा मारल्यावर तळवा पेटणारच. स्ट्रॅप आवळून उपयोग नव्हता, तो टाच धरतो, पुढचा पाय नाही.

चूक कुठे झाली तेही कळलं. मी कोरोनाडोच्या पोरांच्या सामानाच्या याद्या वाचून साइझ ठरवला. सॅन दिएगोचं पाणी हिवाळ्यात १४-१५ अंशांवर असतं, त्यामुळे ती पोरं जाड निओप्रीन बूट घालून वर फिन चढवतात. जेट फिनचं पॉकेट त्या हिशेबानेच मोठं. मी मात्र २ मिलिमीटरच्या मोज्यावर एक्सएल चढवली. दुकानदाराला फोनवर दोनदा विचारलं होतं, "मोज्यावर चालेल ना?" "धावेल सर," म्हणाला. असो.

तात्पुरता उपाय म्हणून जुन्या योगा मॅटचा तुकडा बोटांच्या आकारात कापून उजव्या पॉकेटच्या वरच्या अंगाला चिकटवला. पहिला गोंद दोन दिवसांत सुटला, दुसऱ्यांदा चपला सांधणाऱ्याकडून त्याचं सोल्यूशन लावून घेतलं. वीस रुपये. रविवारचे १५०० त्या वीस रुपयांवर गेले! ७०० ला सवयीने पेटक्याची वाट बघत होतो, तो आलाच नाही.

जाता जाता: रबरी स्ट्रॅप वापरणाऱ्यांनो, स्प्रिंगचे घ्या. माझा रबरी तलावात तुटला म्हणून बरं, समुद्रात तुटला असता तर एका पायावर परत यावं लागलं असतं.

पुढचा बेत एल साइझ मागवायचा होता. काल मागवलीही. पण हे लिहितानाच डोक्यात आलं की चिवल्याला पाण्यात उतरताना खडकांवरची कालवं पाय कापतात, तिथे बूट लागणारच आहेत. मग ३ मिलिमीटरचे बूट आणि हीच एक्सएल, की झालं! मॅटचा तुकडाही काढता येईल. फक्त बुटाने घोटा किती आखडतो ते बघायला हवं, नाहीतर वज्रासनाची मेहनत पाण्यात. शनिवारी एकाचे उसने बूट घालून ८०० मारून बघतो.

त्याआधी एलची ऑर्डर रद्द करायला त्याच दुकानात फोन लावतोय. तिसऱ्यांदा. उचलत नाहीये.