सही

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

सरांनी सही केली. झालंय ते इतकंच.

केबिनबाहेर वीस मिनिटं उभी राहून मी वाक्यं जुळवत होते. 'का सोडतेस?' याला दोन उत्तरं तयार होती, एक तब्येतीचं आणि एक खरं. सरांनी विषय सोडायचा फॉर्म घेतला, 'मेझर थिअरी ना?' म्हणाले, खिशातलं पेन काढलं आणि सही ठोकली. 'तारीख तू टाक.' बास. 'थँक यू सर' म्हणून बाहेर पडले आणि जिन्यात रडू आलं. जे मागायला गेले तेच मिळालं होतं की!

उद्या पाचच्या आत फॉर्म ऑफिसात दिला की सुटले. इंटर्नलला वीसपैकी सहा, त्यातलाही एक दयेचा. वर्गात आम्ही अकरा जण. दोघं प्रश्न विचारतात, बाकीचे मान खाली घालून फळा उतरवतो. त्या सगळ्यांना समजतंय असं मला वाटतं. रूममेट म्हणते, त्यांनाही तुझ्याबद्दल तसंच वाटत असेल. तिचं स्टॅटिस्टिक्स आहे, तिला काय जातंय बोलायला.

पण एकदा विचारायला काय हरकत होती? 'थांब की अजून एक महिना' असं नसतं म्हटलं तरी चाललं असतं. नुसतं 'का?' एवढं. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं का, की ही टिकणार नाही?

आजोबांना कसं सांगायचं तेही ठरत नाही. ॲडमिशन झाल्यापासून त्यांचं एकच, रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला पहिले आले, आणि ते शिकले त्या पुण्यात आमची नात गणित शिकते. (ते दुसऱ्या एकाबरोबर बरोबरीत पहिले होते, हे आजोबा गाळतात.) आईचा फोन आज उचललाच नाही. बाबा तर... जाऊ दे.

संध्याकाळी नदीकडून ढोलांचा सराव सुरू होता. रोज तेच तीन ठोके चुकतात आणि रोज पुन्हा पहिल्यापासून. त्यांना कुणी फॉर्म देत नाही.

आठनंतर वही उघडली. अभ्यासाला नाही, कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून चाळत होते. विटाली नावाच्या गणितज्ञाने रचलेल्या संचाच्या पानावर थांबले. शून्य ते एकमधल्या संख्यांचे गट पाडायचे. दोन संख्यांतला फरक परिमेय असेल तर त्या एका गटात. मग प्रत्येक गटातून एकेक संख्या उचलायची. कुठली? त्याला नियम नाही. उचलली असं धरून चालायचं, यालाच ॲक्सिअम ऑफ चॉइस म्हणतात. अशा उचललेल्या संख्यांच्या संचाला लांबी नसते. शून्य लांबी नव्हे, लांबीच नाही! लेबेगने १९०२ च्या प्रबंधात मापनाची (हीच ती मेझर थिअरी) एवढी मांडणी केली आणि तीन वर्षांत विटालीने हे पुढ्यात आणून ठेवलं. बिचारा लेबेग.

संच परिमेय अंतरांनी सरकवून त्याच्या अनंत प्रती करायच्या. लांबी असलीच तर सगळ्यांची सारखी, आणि सगळ्यांची बेरीज १ ते ३ च्या मध्ये यायला हवी. शून्यं कितीही मिळवा, शून्यच. शून्याहून जरा मोठं काही असलं तर बेरीज अनंत. मधे काहीच येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तो ३ कुठून आला, ते मात्र तीन आठवडे कळलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणाला.

हाताला आला तो कागद घेतला आणि रेघ काढली. जास्तीत जास्त एक डावीकडे सरकवायचं, एक उजवीकडे. म्हणजे सगळ्या प्रती उणे एक ते दोनच्या आत. लांबी तीन. एवढंच? एवढ्यासाठी मी तीन आठवडे रडत होते? ढोल केव्हाच थांबले होते आणि मी खोलीत एकटीच हसत होते. रूममेटने पांघरुणातून विचारलं, 'बरी आहेस ना गं?'

सहाचे सात होतील फार तर. फसवून घेण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात नवीन प्रमेय आहे आणि त्याचं विधानसुद्धा मला नीट वाचता येत नाही.

आता दिवा घालवताना पाहिलं, तो कागद म्हणजे फॉर्म होता. मागची बाजू. उणे एक, दोन, बाण, खाडाखोड, आणि कोपऱ्यात मोठ्ठं '३!!' पेन इतकं दाबून चालवलंय की सरांच्या सहीवर उमटलंय. असा फॉर्म ऑफिसातल्या काकू घेणार नाहीत. नवीन आणायचा तर परत केबिन, परत सही.

गजर सातचा लावलाय. तास आठला असतो.