मालधक्क्यातले घर: क्लार्क्सडेलचे डेल्टा ब्लूज म्युझियम

अमेरिकेतले मेम्फिस शहर सोडून हायवे ६१ने दक्षिणेकडे निघाले की मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला सपाट, गाळाचा प्रदेश लागतो. तिथले लोक यालाच डेल्टा म्हणतात. सुमारे सव्वाशे किलोमीटरवर क्लार्क्सडेल येते. गावच्या ग्रंथालयाच्या पुढाकाराने १९७९ मध्ये सुरू झालेले तिथले ब्लूजचे, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये रुजलेल्या संगीताचे, म्युझियम १९९९ पासून रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात आहे. या संगीतासाठी याहून योग्य जागा मला सुचत नाही, कारण डेल्टातल्या कापसाप्रमाणेच तो वेचणारी कृष्णवर्णीय माणसेही रेल्वेनेच बाहेर पडली.

पोशाख आणि पोस्टरे मी भरभर पाहिली. पाय खिळले ते ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांच्या घरापाशी. स्टोव्हॉल मळ्यातली, सायप्रसचे ओंडके रचून बांधलेली ही खोली आता म्युझियमच्या छताखाली उभी आहे. ओंडके ओबडधोबड तासलेले आहेत आणि आत उभे राहिले की जागा किती अपुरी होती, ते लगेच जाणवते. आजीने मडींना याच घरात वाढवले. बटाईने कसायचे, मालकाकडून उधारीवर सामान घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्याच वहीतला हिशेब मान्य करायचा, अशा व्यवस्थेत मळ्यावरची माणसे जगत होती. ऑगस्ट १९४१ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करत स्टोव्हॉलला पोहोचले आणि तिथे त्यांनी मडींचे गाणे मुद्रित केले. आपला आवाज तबकडीवरून ऐकल्यानंतर दोनच वर्षांत मडींनी शिकागो गाठले आणि तिथे या मळ्यातल्या गाण्याला विजेच्या गिटारची धार चढली.

याच घराच्या एका लाकडापासून झी झी टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्स यांनी ‘मडीवुड’ ही गिटार करवून घेतली. तिच्यावर मिसिसिपी नदीची वळणदार निळी रेघ आहे. मला मात्र त्या गिटारपेक्षा घराचे न रंगवलेले लाकूडच अधिक बोलके वाटले.

या स्थलांतराची दुसरी बाजू गावाबाहेरच्या हॉपसन मळ्यात कळते. १९४४ मध्ये तिथे कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढच्या काळात अशी यंत्रे सर्वत्र आली आणि हातांनी वेचणाऱ्यांची गरजच उरली नाही. म्युझियम पाहून झाल्यावर हॉपसनला जावे, आणि वेळ असेल तर स्टोव्हॉललाही. मडींचे घर जिथे उभे होते, तिथे आता माहितीफलक लावलेला आहे.